तीन दिवसांनी सांगतो

माणूस निवृत्त होतो, त्याचं माप निवृत्त होत नाही. आमच्या रेणापुरात एक निवृत्त तलाठी आहेत. ते कुणाच्याही मांडवात शिरले की अक्षता हातात घेण्याआधी मांडव किती गुंठ्यांत घातलाय ते सांगतात. एक निवृत्त कंडक्टर आहेत, ते सोयरीकसुद्धा टप्प्यांवर तोलतात; मुलगी सहा टप्प्यांपलीकडं द्यायची नाही, हा त्यांच्या घरचा नियम. या दोघांचा कुणाला त्रास नाही, कारण गुंठा आणि टप्पा सगळ्यांना कळतो. मामांचं तसं नाही. मामा मोजतात तो पाण्यातला खर्च झालेला प्राणवायू. आणि तोही लगेच सांगत नाहीत.

मामा नेमके कुणाचे मामा, याचा आता पत्ता लागणं अवघड. सख्खे भाचे पुण्याला आणि हैदराबादला गेले, मामा गावाला उरले. मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांची सगळी नोकरी झाली. कारखाना कुठला, असं विचारलं तर "आपल्या तालुक्यातला न्हवं" एवढंच सांगतात. ज्याची साखर खाल्ली त्याचं नाव सांडपाण्याच्या गप्पांत घेऊ नये, हा त्यांचा शिष्टाचार.

कारखान्याच्या प्रयोगशाळेतही वरची पंगत आणि खालची पंगत असते. रसाचा ब्रिक्स, पोल, साखरेचा उतारा काढणारे वरच्या पंगतीचे. त्यांच्या आकड्यावर चेअरमनसाहेबांचा मूड ठरतो, पेपरात बातमी येते. सांडपाण्याचा बीओडी काढणारा कोपऱ्यातल्या टेबलावर. त्याच्या आकड्याची आठवण होते ती तपासणीला कुणी येणार असलं की, आणि तीही आदल्या संध्याकाळी. मग मामा शांतपणे सांगत, "आज नमुना देताव, तर आकडा तेरवा." साहेब वैतागत. मामांचा नाइलाज होता. बीओडी म्हणजे जिवाणूंनी पाण्यातली घाण खाताना किती प्राणवायू ओढला त्याचा हिशोब, आणि जिवाणूंना जेवायला घाई करा म्हणून सांगता येत नाही. नोकरीभर हेच उत्तर देऊन देऊन मामांच्या तोंडात ते बसलं. पुढं पाण्यापुरतं राहिलं नाही.

"मामा, नवा जावई कसा वाटला?"

"तीन दिवसांनी सांगतो."

"मामा, भाजी अळणी झालीय का?"

इथं मात्र मामी मध्ये पडतात.

रेणापूर बोलक्यांचं गाव आहे. २००९ पर्यंत या नावाचा विधानसभा मतदारसंघच होता, गोपीनाथ मुंडे इथून निवडून जात, त्यामुळं राजकारणावर मत नसलेला माणूस गावात सापडणं कठीण. पिंपळफाट्यावर लातूर-अंबाजोगाईच्या गाड्या थांबतात, त्या जेवढा वेळ थांबतात तेवढ्यात इथं सरकार पडतं आणि दुसरं बसतं. अशा गावात जो माणूस मत द्यायला तीन दिवस मागतो, त्याला लोक एकतर साधू समजतात, नाहीतर आतल्या गाठीचा. मामांना दोन्ही समजून झालं. एका निवडणुकीत फाट्यावर कुणीतरी विचारलं, "मामा, कोण येतंय निवडून?" मामा म्हणाले, "निकाल लागू द्या. मग तीन दिवसांनी सांगतो."

फाट्यावरची बातमी ते तशी घेतही नाहीत. कुणी तावातावानं काही सांगायला लागलं की म्हणतात, "लई घट्ट हाय, पातळ करा." यामागंही प्रयोगशाळाच. डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशचा, म्हणजे तिथल्या सांडपाण्याचा, बीओडी लिटरला चाळीस-पन्नास हजार मिलिग्रॅम असतो आणि बाटलीतल्या पाण्यात प्राणवायू जेमतेम आठ मिलिग्रॅम. असलं द्रव्य सरळ बाटलीत भरलं तर सगळा प्राणवायू हां हां म्हणता संपतो आणि मोजायला काही उरतच नाही. म्हणून त्याचा एक थेंब हजारो थेंब चांगल्या पाण्यात घालायचा, तीन दिवस ठेवायचं आणि आलेल्या उत्तराला पुन्हा तितक्या हजारांनी गुणायचं. फाट्यावरच्या बातमीबाबत मामा पहिली पायरी पाळतात, गुणाकार करत नाहीत. मला हे शहाणपणाचं वाटतं.

चहाच्या टपरीवर मात्र त्यांचा संयम सुटतो. पोरगा उष्टे ग्लास विसळायला घेतो, बुडाशी राहिलेली साखर गटारीत जाते, आणि मामा बाकावरून उठतात.

"आरं लेकरा, किती वतलंस?"

"काय न्हाई मामा, चमचाभर साखर ऱ्हायली व्हती."

"चमचाभर? सातशे लिटर!"

पोरगा घाबरतो. नवीन गिऱ्हाईकही घाबरतं. मग मामा हिशोब मांडतात, आणि तो बिनतोड आहे. एक किलो साखर पूर्ण कुजायला, म्हणजे जिवाणूंनी खाऊन तिचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करायला, अकराशे वीस ग्रॅम प्राणवायू लागतो. सत्तावीस अंशांच्या स्वच्छ पाण्यात लिटरला आठ मिलिग्रॅमच्या आसपास तो विरघळलेला असतो. म्हणजे किलोभर साखर एक लाख चाळीस हजार लिटर पाण्याचा श्वास गिळते. "दहा हजार लिटरचे चौदा टँकर!" मामा म्हणतात. टँकर म्हटल्यावर फाट्यावर सगळ्यांना कळतं. लातूर जिल्ह्यात टँकर हे अंतर, वजन, वेळ आणि राजकारण या सगळ्यांचं माप आहे. चमचाभर साखरेचे सातशे लिटर तिथूनच येतात. मामा स्वतः चहात दोन चमचे घेतात, पण ग्लास चाटूनपुसून ठेवतात.

दुधाचा हिशोब याहून वाईट. दुधाचा बीओडी लिटरला एक लाख मिलिग्रॅमच्या वर जातो. लिटरभर दूध ओढ्यात गेलं तर टँकरभर पाणी गुदमरतं. १ जून २०१७ ला राज्यातले शेतकरी संपावर गेले, ठिकठिकाणी दूध ओतलं गेलं, तेव्हा मामा संपाच्या बाजूनं होते. घरची चार एकर कोरडवाहू आहे, दराचं दुःख त्यांना कुणी शिकवायला नको. पण ते पोरांना एकच विनवत होते, "वतायचं तर सडकंवर वता. वढ्यात नको. सरकारचा राग माशावर कामून काढायलाव?"

मामांचं सगळं तत्त्वज्ञान या माशापाशी येऊन थांबतं. नाल्यात मासे उलटे झाले की गाव म्हणतं, कुणीतरी विष टाकलं. मामा म्हणतात, विष नाही, जेवण टाकलं. साखर, दूध, वरणभात, निर्माल्य यात विषारी काय आहे? काहीच नाही, जिवाणूंसाठी तर पक्वान्न आहे. ते तुटून पडतात, वाढतात, खातात आणि खाताना श्वास घेतात. पाण्यात प्राणवायू मोजकाच. तो संपला की मासा गुदमरतो. "कुणी मारलं न्हाई त्येला," मामा सांगतात, "शेजाऱ्याच्या पंगतीनं मारलं."

घरी मामांची प्रयोगशाळा देवघराशेजारी आहे. तीनशे मिलिलिटरच्या घासलेल्या काचेच्या बुचाच्या बाटल्या, एक ब्युरेट, दोन पिपेट आणि औषधांच्या तपकिरी बाटल्या. पद्धत हंगेरीतल्या लायोश विंकलर नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १८८८ साली बसवली, आणि मामा विंकलरचं नाव कुलदैवताच्या खालोखाल घेतात. दोन बाटल्या काठोकाठ भरायच्या, बुडबुडा राहू द्यायचा नाही. एक आज उघडायची, दुसरी अंधारात ठेवून तीन दिवसांनी. प्राणवायू मोजायला आधी मँगनीज सल्फेट, मग अल्कली आयोडाइड अझाइड. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका उतरतो, नसेल तर पांढराशुभ्र. मग गंधकाम्ल, मग थायोसल्फेटचं टायट्रेशन, शेवटाला स्टार्च घातला की निळा रंग, आणि तो ज्या थेंबाला उडतो तिथं थांबायचं. दोनशे मिलिलिटर नमुन्याला किती मिलिलिटर थायो लागलं, तेवढा लिटरमागं मिलिग्रॅम प्राणवायू. पहिल्या दिवशीच्या आकड्यातून तिसऱ्या दिवशीचा वजा केला की झालं.

स्टार्च मामी करून देतात. तांदळाची पेज गाळून. त्यांचा या शास्त्रातला वाटा एवढाच, पण तक्रारी पुष्कळ. अंधार हवा म्हणून बाटल्या त्यांच्या लुगड्यांच्या पेटीत जातात. लोणच्याच्या बरणीचं बूच हरवलं तर मामांच्या बाटलीचं बरोबर बसतं, हा शोध त्यांनी एकदा लावला. त्या दिवशी घरातलं तापमान सत्तावीसच्या बरंच वर गेलं होतं.

सत्तावीस अंश हे मामांचं दुसरं दुखणं. उकडा वाढला की जिवाणू जास्त खातात, थंडीत कमी, म्हणून तिन्ही दिवस नमुना सत्तावीस अंशांत राहायला हवा. कारखान्यात त्यासाठी इनक्युबेटर होता. घरी माठ आहे, ओलं पोतं आहे, एक थर्मामीटर आहे आणि महावितरण आहे. एप्रिलमध्ये मामा रात्री उठून पोत्यावर पाणी मारतात. मामी म्हणतात, "लेकरं तापात असताना येवढं जागलं न्हाईत." मामा म्हणतात, "लेकरांचा ताप डाक्टर बघत व्हता."

तीन दिवस आणि सत्तावीस अंश का, यावर मामांचं व्याख्यान सुरू झालं की बसून घ्यावं. इंग्रजांनी १८९८ साली सांडपाण्यावर एक रॉयल कमिशन नेमलं. त्याच्या १९१२ च्या आठव्या अहवालात पाच दिवसांची परीक्षा आली, ६५ अंश फॅरनहाइटवर. पुढं ती वीस अंश सेल्सिअस झाली. पाचच दिवस का? तर विलायतेतल्या नद्या पाच दिवसांच्या आत समुद्राला मिळतात, असं सांगतात. तिथं मामा थांबतात, चष्मा काढतात. "आता आपली रेणा बगा. रेणा मांजऱ्याला मिळती. मांजरा निलंग्याकडून बीदर, तिथून सिंगूर, निजामसागर करत कंदकुर्तीला गोदावरीत. मग गोदावरी समुद्राला. मधी धरणं किती! पाच दिवसांत आपलं पाणी निलंग्याला गेलं तरी पेढे वाटीन." आपल्या मानकांनी मात्र देशाची हवा बघून तीन दिवस आणि सत्तावीस अंश केले, ऊब जास्त असल्यानं तीन दिवसांत साधारण तितकंच काम होतं. मामांना याचा स्वातंत्र्यदिनाइतका अभिमान आहे.

आणि पूर्वजांनाही हे ठाऊक होतं, असं त्यांचं म्हणणं. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राहील त्याची अक्कल जाई. हा तीन दिवसांचा बीओडीच की! पाहुणा वाईट नसतो, मामा सांगतात, तो घरातला प्राणवायू किती ओढतो एवढंच बघायचं. मामांचे पुण्याचे साडू दरवर्षी नवरात्रात रेणुकादेवीच्या दर्शनाला येतात. आले की घर भरतं, गेले की मामा वहीत काही लिहितात. मामींनी एकदा ती वही बघितली. साडूंच्या नावापुढं नुसतं 'पातळ करून मोजणे' असं लिहिलं होतं.

दोन तासांत निकाल देणारी परीक्षा असते, नाही असं नाही. तिला सीओडी म्हणतात. पाण्यात पोटॅशियम डायक्रोमेट आणि जहाल गंधकाम्ल घालून दोन तास उकळायचं. जिवाणूंना पचत नाही तेसुद्धा त्यात जळतं, म्हणून सीओडी बीओडीपेक्षा मोठा येतो. मामांना ही परीक्षा मान्य आहे, प्रिय नाही. "ती पोलिसी चौकशी हाय," ते म्हणतात. "उकळत्या तेजाबात घातल्यावर लाकडाचा भुसासुदिक कबूल व्हतो. पण खऱ्या नदीत तेवढं घडतं का?" गावातली बरीच माणसं एकमेकांचा सीओडी काढतात, हेही ते बोलून जातात.

पोलिसांवरून आठवलं. पाण्यातला प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी असतो. दिवसा शेवाळ तो तयार करतं, रात्रभर सगळेच नुसते ओढत असतात. म्हणून मामा नमुन्याला जातात ते तांबडं फुटायच्या आत. एका पहाटे एका बाईनं बघितलं: डोक्याला मफलर बांधलेला माणूस दोरीला बांधलेली बाटली ओढ्यात सोडतोय, ओठांनी काहीतरी पुटपुटतोय, मग दोन कुप्यांतून काही सोडतो आणि बाटलीत तपकिरी ढग उठतो. आमच्या भागात एवढ्यावर भानामती सिद्ध होते. दुपारपर्यंत गोष्ट हवालदारापर्यंत गेली. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, चौकशी करावी लागते. हवालदार घरी आला, चहा घेतला आणि विचारलं, "मामा, वढ्यात काय करायलाव?" मामांनी विंकलरपासून सुरुवात केली. रॉयल कमिशनपर्यंत पोचेस्तोवर दिवेलागण झाली. हवालदार उठला, मामींना नमस्कार केला आणि म्हणाला, "भानामती परवडली, मामी."

२०१६ चा उन्हाळा मामांना सगळ्यात वाईट गेला. धनेगावच्या मांजरा धरणानं तळ दाखवला, ओढे तर कधीच आटले होते. मोजायला पाणीच नाही. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिली गाडी १२ एप्रिलला, पन्नास हजार लिटरच्या दहा वॅगन. लोक ते बघायला गेले तसे मामाही गेले. कुणी वॅगन मोजत होतं, कुणी सरकारला शिव्या देत होतं. मामा एकटेच समाधानानं म्हणाले, "हालत हालत आलंय. प्राणवायू चांगला आसंल."

मामांच्या लेकीचं लग्न झालं ते त्यानंतर, पाऊस बरा झालेल्या एका वर्षी. लग्न चांगलं झालं, म्हणजे अन्न उरलं. भात, वरण, बुंदी, मठ्ठा. आचाऱ्याच्या माणसांनी रात्री पातेली कार्यालयामागच्या ओढ्यात मोकळी केली. सकाळी पाणी राखट झालं होतं आणि बोटाएवढे मासे वर आले होते. विष टाकल्याची बातमी फाट्यावर गेली, कुणी टाकलं त्यांची नावंही ठरली. मामा हळदीच्या धोतरावर बाटली घेऊन ओढ्यावर आले. गर्दी जमली. मामांनी दोन्ही औषधं सोडली आणि बाटलीत साका उतरला तो पांढराशुभ्र. प्राणवायू शून्य. काठावर बुंदी दिसत होती. मामांना बुंदी ओळखू आली; ती पसंत करायला ते स्वतः लातूरला गेले होते.

तिसऱ्या दिवशी मांडवपरतणी होती. व्याही मंडळी आली, पानसुपारी झाली. व्याही सज्जन माणूस, सहज म्हणाले, "काय व्याही, लग्न झकास झालं बगा." मामा आतून वही घेऊन आले. कारखान्यानं नदीत पाणी सोडायचं तर बीओडी ३० च्या आत हवा, जमिनीवर सोडायचं तर १००, हे त्यांनी आधी समजावून सांगितलं. मग आपल्या लग्नाचा आकडा वाचून दाखवला. तो गावाच्या गटारीपेक्षा जास्त होता. व्याह्यांना ही निंदा की स्तुती ते कळेना. "म्हंजी कमी पडलं न्हाई काही," ते म्हणाले. मामी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून बसल्या होत्या, रडत होत्या की हसत होत्या हे मला दारातून दिसलं नाही.

मामा एवढ्यावर थांबणारे नव्हेत. त्यांनी रीतसर अर्ज लिहिला. तक्रारदाराच्या जागी स्वतःचं नाव, ज्याच्याविरुद्ध तक्रार त्या जागीही स्वतःचं नाव. अर्ज घेणारा कारकून पोरगेला होता. त्यानं दोनदा वाचला. "मामा, तुमचं तुमच्याशी भांडण हाय, तर घरीच मिटवा की." मामा म्हणाले, कारखान्याला ३० ची मर्यादा आहे, लग्नाला कुठली आहे ते मला लेखी द्या. ती कारकुनाकडं नव्हती. मग मामांनी स्वतःच स्वतःला दंड केला: कार्यालयामागच्या पडीक तुकड्यात स्वखर्चानं खड्डा काढून घेतला, उरलेल्या अन्नाचं खत करायला. मालकानं फुकट होतंय म्हणून होकार दिला.

तेव्हापासून रेणापुरातले आचारी लग्नाची सुपारी घेताना ताटं किती ते विचारतात आणि त्यापाठोपाठ मामांना पत्रिका गेलीय का ते विचारतात. गेली असेल तर पातेली खड्ड्यापर्यंत वाहून नेण्याची मजुरी वेगळी लावतात. एका चलाख आचाऱ्यानं यंदा युक्ती केली. मामांना पहिल्या पंगतीत, पंख्याखाली बसवलं, बुंदी स्वतः वाढली, आग्रह करकरून वाढली. मामा पोटभर जेवले. पानात शीत ठेवलं नाही. आचारी निश्चिंत झाला. मामा उठले, हात धुतले, धोतराला पुसले आणि हात धुतलेलं पाणी कुठं जातंय ते बघायला मांडवाच्या मागं गेले.